ट्यूबलेस टायरची हवा रात्रीत उतरते? जिरोनाच्या जंगलवाटांवरून आलेल्या ग्रॅव्हल सायकलींसाठी तपासणीचा क्रम

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते, हवा टायर आणि रिममध्येच कोंडलेली असते. म्हणून आधी लक्षणं बघा. हवा जाते एवढं सांगून भागत नाही. कधी जाते आणि कुठे ओल दिसते, यावरून अर्धं निदान होतं.

संध्याकाळी ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर सकाळी १५-१८ वर आलेला असतो, पण पुन्हा भरला की दिवसभर ठीक चालतो: संशय वॉल्व्हवर, वाळलेल्या सीलंटवर (भोकं बुजवायला टायरच्या आत घातलेला पातळ द्रव) किंवा रिम टेपवर (स्पोकची भोकं बंद करणारी रिमच्या आतली पट्टी). उभ्या सायकलची हवा टिकते आणि चालवताना जाते: एखादं भोक धड बुजलेलं नाही. उतारावरच्या वळणात फुस्स आवाज येतो आणि रिमच्या कडेला पांढरे थेंब उडालेले दिसतात: टायरची कडा रिमवरून क्षणभर सुटते आहे. स्पोक रिममध्ये शिरतात तिथे पांढरट ओल किंवा सुकलेला पापुद्रा दिसतो: टेप गेली. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक थेंब येऊन सुकलेले असतात: भिंत झिरपते आहे किंवा कापली गेली आहे.

मी जिरोनात सायकली दुरुस्त करतो. हे कॅटलोनियातलं शहर, आणि त्याच्या आग्नेयेला लेस गावारेसचा डोंगर. उंची म्हणाल तर माथा जेमतेम ५३० मीटरचा, सह्याद्रीवाल्यांनी हसावं असा. पण सगळा डोंगर बुचाच्या ओकने, पाइनने आणि काटेरी झुडपांनी भरलेला आहे, आणि आतून कच्च्या वनरस्त्यांचं जाळं आहे. वसंतात द ट्राका ही ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची, शर्यत इथे होते. तिच्या आधीच्या आठवड्यांत माझ्याकडे येणाऱ्या सायकलींची मुख्य तक्रार हीच असते. पुण्या-मुंबईहून स्वतःची सायकल पेटीत घालून येणारेही आता भेटतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, नवीन टायर टाकायचा का?" बहुतेक वेळा नाही. टायरला हात लावण्याआधी करायच्या गोष्टी फुकटच्या आणि पाच-दहा मिनिटांच्या आहेत. त्या सोडून थेट टायर उतरवला की चांगली बसलेली कडा सुटते, टेपला लिव्हरचा, म्हणजे टायर उतरवायच्या पट्टीचा, ओरखडा पडतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

जमिनीबद्दल थोडं सांगतो, कारण पुढच्या तपासण्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. गावारेसच्या बऱ्याच भागात शिस्ट आणि स्लेट आहे. हा दगड थराथराने फुटतो आणि त्याच्या पातळ कडा उभ्या राहतात. त्या टायरची बाजू कापतात. दक्षिणेला, समुद्राकडच्या अंगाला ग्रॅनाइट आहे. तो झिजून त्याची खरखरीत, पिवळसर वाळू होते, तिला इथे सौलो म्हणतात. सौलो टायर कापत नाही, पण टायर आणि रिमच्या फटीत शिरते. वाटेच्या दोन्ही बाजूंना आर्जेलागा नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप असतं, आणि जोडीला रानटी ब्लॅकबेरीच्या वेली. वाटेच्या कडेचं झाडोरं छाटलं की कापलेले काटे थेट चाकाखाली येतात.

आता क्रमाने.

पहिली तपासणी: हवा खरंच जाते का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारायलाच हवा. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय भरलात आणि पहाटे दरीत १० अंश असताना मोजलंत, तर एक बुडबुडाही बाहेर न पडता काटा २७ दाखवेल. थंड हवेचा दाब कमी होतो, एवढंच. त्यात ट्यूबलेस टायर ट्यूबवाल्यापेक्षा थोडी जास्त हवा सोडतोच. रात्रीत दोन-तीन पीएसआय गेले तर झोप घालवू नका. मोजायचा पंप दोन्ही वेळा तोच ठेवा. उभ्या पंपांचे काटे कमी दाबाला फारसे खरे नसतात, आणि दोन पंपांमध्ये चार-पाच पीएसआयचा फरक सहज पडतो. पंप जोडल्या जोडल्या काटा शून्यावर असेल तर घाबरू नका: या सायकलींचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह आतून बंद असतो, एक दाब दिल्यावरच खरा आकडा दिसतो.

सकाळी दहा-बारा पीएसआय कमी असतील तरच पुढे जा.

दुसरी: वॉल्व्ह

इथे वेळ द्या, कारण सर्वांत स्वस्तातला इलाज इथेच आहे. एका वाटीत पाणी घ्या. चाक फिरवून वॉल्व्ह वर आणा, म्हणजे त्याचं टोक खाली वळेल, आणि ते टोक वाटीत बुडवा. टोकातून बुडबुडे आले तर दोष कोअरचा, म्हणजे आतल्या काढता येणाऱ्या पितळी तुकड्याचा.

कोअर दोन कारणांनी गळतो. एक, तो ढिला झालेला असतो. छोट्या हातपंपांची नळी आट्यांनी बसते, आणि ती उलटी फिरवून काढताना कोअरही थोडा सोबत फिरतो. जंगलात घाईने हवा भरलेल्या सायकलींमध्ये हे फार दिसतं. कोअरचा छोटा पाना घेऊन हलक्या हाताने आवळा, संपलं. दुसरं, सीलंट त्यात शिरून सुकलेलं असतं. अशा वेळी हवा भरतानाही पंप जड जातो. कोअर काढा, टोकावरचा रबराचा गठ्ठा नखाने खरवडा. गठ्ठा निघत नसेल तर नवीन कोअर लावा. किंमत किरकोळ असते, जपत बसण्यात अर्थ नाही.

टोक कोरडं आहे पण वॉल्व्ह रिममधून बाहेर येतो तिथे बुडबुडे आहेत? मग बाहेरचा गोल नट बोटांनी आवळा. बोटांनी म्हणतोय, पकडीने नाही. पकडीने आवळलेला नट जंगलात बोटांनी निघत नाही, आणि तो निघाल्याशिवाय वॉल्व्ह काढून ट्यूब टाकता येत नाही. कार्बन रिमला तर त्या जोराने इजाही होते. नट आवळूनही बुडबुडे येत राहिले तर प्रश्न वॉल्व्हच्या रबरी बुडाचा किंवा टेपचा आहे. तो पुढे घेऊ.

तिसरी: सीलंट शिल्लक आहे का?

चाक काढा, कानाशी धरून हलवा. आत पातळ काहीतरी हिंदकळल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर बहुधा ते संपलंय. खात्री हवी असेल तर सगळी हवा सोडा, कोअर काढा आणि पातळ केबल टाय वॉल्व्हमधून आत घाला. वॉल्व्ह खाली ठेवून हे करा. टायच्या टोकाला किती ओल लागली ते ऑइलच्या दांडीसारखं दिसतं.

लॅटेक्सचं सीलंट वाळतं, हा त्याचा स्वभावच आहे. बाहेरच्या हवेत गोठतं म्हणून तर ते भोक बुजवतं. थंड, दमट ठिकाणी ते पाच-सहा महिने चालतं. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात मी दोन-तीन महिन्यांपलीकडे भरवसा धरत नाही, आणि सायकल गाडीच्या डिकीत उन्हात पडून राहिली असेल तर तेवढाही नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यालाही हाच हिशेब लावा.

४० ते ४५ मिलिमीटरच्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर सीलंट लागतं. थोडं शिल्लक असेल तर निम्मं घाला, अगदी कोरडं असेल तर पूर्ण. बाटली नीट हलवून घ्या, नाहीतर भोक बुजवणारे कण तळाशीच राहतात. कोअरच्या वाटेने घालायचं, टायर उघडायची गरज नाही. भरताना वॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवा. अगदी खाली ठेवलात तर सीलंट कोअरमध्ये चढून तोच चोंदतो. मग चाक फिरवा, दोन्ही बाजूंवर आडवं करून हलवा, आणि वीस मिनिटं चालवून या.

वॉल्व्ह आवळून आणि सीलंट घालून माझ्याकडच्या बहुसंख्य सायकली घरी जातात. पुढचं वाचण्याआधी या दोन गोष्टी करून एक रात्र जाऊ द्या.

चौथी: साबणाचं पाणी

भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब पाण्यात, ते फवारणीच्या बाटलीत. टायर ३५ पीएसआयपर्यंत भरा आणि क्रमाने फवारा: आधी जमिनीला टेकणारा भाग, मग एक भिंत, मग दुसरी, मग रिमची कड, शेवटी स्पोकची मुळं. पंक्चरवाल्याचं घमेलंही चालेल, पण फवारणीत दोष जागच्या जागी दिसतो. डिस्क ब्रेकच्या चकतीवर पाणी किंवा सीलंट उडणार नाही हे बघा, आणि चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

जमिनीच्या भागात बुडबुडा दिसला तर तिथे बहुतेक काटा असतो. आर्जेलागाचा काटा लहान, तपकिरी, आणि रबरात पूर्ण गेलेला; नजरेला दिसत नाही, बोटाला टोचतो. आत ताजं सीलंट असेल तर तो चिमट्याने उपटा, लगेच भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर तसंच धरा. सीलंटचा भरवसा नसेल तर घरी पोचेपर्यंत काटा आहे तिथेच असू द्या. तोच सध्या बूच आहे. भोक दोन-तीन मिलिमीटरहून मोठं असेल तर रबरी प्लग खुपसा आणि बाहेर राहिलेलं शेपूट थोडं ठेवून कापा. चांगला बसलेला प्लग टायर झिजेपर्यंत राहतो, तो "तात्पुरता" म्हणून काढायची गरज नाही.

एक सवय सोडा: गळती सापडत नाही म्हणून दाब वाढवत नेणं. ५० पीएसआयला बुडबुडे जास्त स्पष्ट दिसतात खरे, पण रिमवर आणि टायरवर जी कमाल मर्यादा छापलेली असते त्यातला लहान आकडा हीच तुमची मर्यादा. बिनहुकाच्या रिमला (जिच्या कडेला टायर अडकवणारा आत वळलेला ओठ नसतो) प्रमाणित कमाल दाब ७२.५ पीएसआय आहे, आणि रुंद टायरला ती मर्यादा त्याहून बरीच कमी असते.

पाचवी: कडा

रिमच्या कडेने बुडबुडे येत असतील तर टायरच्या भिंतीवर, रिमला लागून जी बारीक उठलेली रेघ असते ती बघा. ती चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी ती रिममध्ये गडप झाली असेल तर कड तिथे बसलेलीच नाही. हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा, कोअर काढून हवेची टाकी असलेल्या पंपाने एकदम हवा मारा. टक, टक असे आवाज आले की बसली.

रेघ सरळ आहे आणि तरी गळतं, विशेषतः दक्षिणेच्या रोमान्या गावाकडच्या वाळूतून आल्यावर, तर आत सौलो आहे. कमी दाबावर वळणात कड क्षणभर उचलली जाते, हवा बाहेर जाते आणि वाळूचे दाणे आत येऊन बसतात. ती कड तेवढ्या भागात मोकळी करून ओल्या फडक्याने रिम आणि टायर दोन्ही पुसा. मग मूळ कारणाकडे वळा: दाब फार कमी आहे. ७० किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरला २२-२३ पीएसआय ठेवून गावारेसमधल्या एल्स आंजल्सच्या उतारावर वेगाने वळायचं ठरवलं, तर कड उचलली जाणारच. मी साधारण ३० पासून सुरुवात करायला सांगतो. सामान बांधलं असेल तर मागे चार-पाच जास्त.

सहावी: बाजूची भिंत

नवीन, हलक्या टायरच्या भिंतीतून सगळीकडे बारीक बुडबुडे येत असतील तर तो दोष नाही. सीलंट अजून त्या छिद्रांपर्यंत पोचलेलं नाही. चाक बादलीवर आडवं ठेवा, दहा मिनिटं एक बाजू, दहा मिनिटं दुसरी. दोन-तीन दिवस असं करून थांबतं.

एकाच जागी, सरळ रेषेत ओल असेल तर तो स्लेटचा काप. अंगठ्याने तिथे दाबून फाकवा. फक्त रबर फाटलंय की आतले धागे तुटलेत? धागे अखंड असतील तर प्लग किंवा आतून ठिगळ लावून चालतं. तुटलेल्या धाग्यांचा टायर मात्र संपला. त्याच्यावर ताण धरणारं काहीच उरलेलं नाही, आणि तो सपाटीवर टिकला तरी उतारावर फुगा येऊन फुटतो. जुन्या टायरचा तुकडा आतून लावून घरी जा आणि नवीन घ्या. नवीन टायर लागतो तो इथे.

सातवी: रिम टेप

स्पोकच्या मुळाशी ओल असेल, किंवा वॉल्व्हचा नट आवळूनही त्याच्याभोवती बुडबुडे असतील, तर टायर उतरवावा लागेल. फसवी गोष्ट अशी की रिम आतून पोकळ असते. टेप एका ठिकाणी फाटते, हवा त्या पोकळीत शिरते आणि वाट मिळेल तिथून, कधी अर्ध्या चाकाच्या अंतरावरून बाहेर पडते. त्यामुळे बुडबुडा येतो त्या स्पोकपाशी टेपचा तुकडा चिकटवून काही होत नाही. टेप पूर्ण बदला.

टायर काढल्यावर आधी बघा: टेप स्पोकच्या भोकांवर खड्डे पडून ताणली आहे का, कडेला सीलंट खाली शिरलंय का, लिव्हरचा ओरखडा आहे का. वॉल्व्हचं रबरी बूडही बघा; रिमच्या खाचेच्या आकाराशी ते जुळलं पाहिजे. गोल खाचेत चौकोनी बूड कितीही आवळलं तरी गळेल.

नवीन टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्त असावी. जुनी टेप आणि डिंक काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिम पुसा, पूर्ण सुकू द्या. स्वच्छता नीट झाली तर निम्मं काम झालं. सीलंटचा पातळ थर राहिला तरी टेप चिकटत नाही. टेप जोरात ताणून लावा आणि वॉल्व्हच्या भोकाच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर दुहेरी करा. भोक पाडताना ब्लेडने फुली मारू नका, तिच्या टोकांपासून टेप फाटत जाते. गरम केलेल्या खिळ्याने गोल भोक पाडा. मग सीलंट न घालता आत साधी ट्यूब टाकून टायर चढवा, ४० पीएसआय भरा, रिमची मर्यादा कमी असेल तर तेवढंच, आणि रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला रिमवर दाबून बसवते. सकाळी ट्यूब काढा, वॉल्व्ह लावा, सीलंट घाला. हे एक रात्रीचं काम घाई करणाऱ्यांना पटत नाही, पण टेप पुन्हा उठणं यानेच थांबतं.

जंगलातच टायरची हवा गेली तर

ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवा, सावकाश, पूर्ण फेरी. सीलंटने बुजवलेले जुने काटे तिथे टोकं वर करून असतात. त्यांचा तुम्हाला पत्ताही नसतो. न बघता टाकलेली ट्यूब शंभर मीटरही जात नाही. कार्बन डायऑक्साइडचं काडतूस वापरलंत तर घरी आल्यावर सीलंट तपासा: तो गार वायू बऱ्याच लॅटेक्स सीलंटच्या गुठळ्या करतो. हातपंप बरा.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरचे प्रयोग बंद करा आणि दुकानात जा. कार्बन रिमवर केसासारखी भेग, किंवा दगडावर आपटल्यावर टिचकी मारली की एका जागी बद्द आवाज. अॅल्युमिनियम रिमची कड आत वाकलेली. ती सरळ होते, पण ओढून सरळ करताना तडा जाऊ शकतो, आणि तो तडा ओळखायला सवयीची नजर लागते. स्पोकच्या भोकाभोवती तडे किंवा गंजून कुजलेले निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट). योग्य दाबालाच टायर रिमवरून उडून निघाला, तर पुन्हा चढवून बघू नका: टायर आणि बिनहुकाची रिम एकमेकांना चालतात का हे उत्पादकाच्या यादीत तपासून घ्यायला सांगा. आणि टेप दोनदा नीट बदलूनही रात्रीत हवा जात असेल तर रिमचा सांधाच गळत असणार. तिसरी टेप वाया घालवू नका.

भेगेची रिम घेऊन डोंगर उतरू नका, अगदी हळूही नाही. सायकल हातात धरून चाला. डोंगरातल्या सांता पेल्लायाच्या आसपास असाल तर डांबरी रस्त्याने कास्सा दे ला सेल्वाला उतरा; तिथून जिरोनाला जाणारी सायकलवाट १९६९ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर आहे, जवळपास सपाट, आणि गाडी बोलवायलाही गाव सोपं. पडून लागलं असेल तर ११२ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. दऱ्यांमध्ये रेंज मिळेलच असं नाही, म्हणून उतरायची वाट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. उन्हाळ्यात निघण्याआधी प्ला आल्फाची (कॅटलोनियाच्या वणव्याच्या इशारा-योजनेची) पातळीही बघा: आगीच्या धोक्याने चौथी पातळी लागली की त्या भागातल्या जंगलात प्रवेश बंद असतो.